पावसाचे चार महिने आणि धंद्याचा पैसा

कोकणात एखादा छोटा धंदा बंद पडला की लोक पटकन म्हणतात, गिऱ्हाईकच नव्हतं हो. मी कुडाळला छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न, बँकेला द्यायचे कागद, हेच रोजचं काम, आणि माझ्यासमोर ज्या वह्या येतात त्यात हे फारसं खरं दिसत नाही. गिऱ्हाईक होतं, माल गेला होता, वर्षाच्या शेवटी कागदावर थोडाफार नफा पण होता. फक्त ज्या महिन्यात पैसा लागत होता त्या महिन्यात तो हातात नव्हता. कुणाच्या तरी उधारीत होता, नाहीतर गोदामात बी होऊन पडला होता, नाहीतर मे महिन्यातच नवीन खोली बांधण्यात गेला होता.

आपल्याकडचं वर्ष बघा ना. काजू मार्च ते मे. आंबा साधारण तेव्हाच. कोकम, फणस, करवंदं सगळं एप्रिल-मे. पर्यटक दिवाळीला, ३१ डिसेंबरला आणि मेच्या सुट्टीत. आणि मग १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, मालवण-तारकर्लीचं स्नॉर्कलिंग, बोटी मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद, होमस्टेच्या खोल्या रिकाम्या. आणि खर्च? तो नेमका जूनमध्ये. पोरांच्या फी, वह्या, आगोटीचं म्हणजे पावसाआधी भरून ठेवायचं सामान, कौलं शाकारणं, पंपाची दुरुस्ती, भाताचं बियाणं. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने एकसारखा. म्हणजे वर्षाची कमाई चार-पाच महिन्यांत आणि हप्ता बारा महिने, या फटीत धंदे अडकतात. मुंबई-पुण्याच्या माणसाने लिहिलेल्या धंद्याच्या सल्ल्यात ही फट कधी दिसत नाही, कारण तिकडे दुकान बारा महिने चालतं.

दिवस कठीण आले की ही फट रुंद होते. २०२५ चं उदाहरण ताजं आहे. पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला, एरवी आपण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याचा हिशोब धरतो, आणि त्याच्या आधीपासूनच वळवाने झोडपायला सुरुवात केली होती. मेचे शेवटचे दिवस म्हणजे होमस्टेवाल्याचे भरलेले दिवस, बुकिंगं रद्द. कोकम झाडावर असताना पाऊस पडला की फळ गळतं, सडतं, आणि आमसुलं तर उन्हाशिवाय होतच नाहीत, साल रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, त्याला सलग कडक ऊन लागतं. आंबापोळी, फणसपोळी तसंच. ज्या बायका वर्षभराची कमाई त्या दोन-तीन आठवड्यांत करतात त्यांचं वर्षच कमी झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावला, त्याचा धक्का कोळंबीच्या धंद्याला बसला. गावातल्या माणसाचा यात काय दोष? काहीच नाही. पण पतपेढीचा माणूस दारात येतो तेव्हा त्याला टॅरिफ सांगून चालत नाही.

काजूचं जरा सविस्तर सांगते, कारण पैसा अडकतो कसा ते काजूत सगळ्यात स्पष्ट दिसतं. आमच्या भागात घराच्या मागे शेड टाकून काजू फोडणारे खूप आहेत. बी वाफवायची, कटरवर फोडायची, गर वाळवायचा, साल सोलायची, मग ग्रेडिंग, २४० वेगळा, ३२० वेगळा (आकडा म्हणजे एका पौंडात किती गर बसतात तो), पाकळी, तुकडा, कणी वेगळी. हे काम वर्षभर चालतं पण बी मिळते फक्त तीन महिने. म्हणजे वर्षभराचा कच्चा माल मार्च ते मेमध्ये रोख पैसे टाकून घ्यायचा. समजा कुणी दहा टन बी घेतली, दर किलोला १५० रुपये धरू, तर मे संपताना १५ लाख रुपये पोत्यांत बसले. साधारण चार किलो बी पासून एक किलो गर पडतो, म्हणजे अडीच टन गर. हा वर्षभर हळूहळू विकला जाणार. कर्जाचं व्याज ११ टक्के धरलं आणि माल दर महिन्याला सारख्याच प्रमाणात संपत गेला, म्हणजे सरासरी निम्मेच पैसे अडकले असं मानलं तरी वर्षाचं व्याज ८० हजारांच्या वर जातं, किलोमागे ३३ रुपये. हे ३३ रुपये कितीजण आपल्या दरात धरतात? मजुरी धरतात, लाइट बिल धरतात, पॅकिंग धरतात. व्याज बँकेच्या पासबुकात राहतं, दरात येतच नाही.

आता पुढची गोष्ट. शहरातला एक मोठा दुकानदार म्हणतो, दोनशे किलो पाठवा, पैसे तीन महिन्यांनी. दर ८५० धरला तर तीन महिन्यांचं व्याज किलोला २३ रुपये. म्हणजे जो दर त्याने ८५० सांगितला तो खरा ८२७ आहे. समोरचा रोख देणारा ८३५ म्हणाला तर तो स्वस्त मागतोय असं वाटतं, पण तोच जास्त देतोय. मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवते तेव्हा माणसं गप्प होतात. कारण मोठी ऑर्डर मिळाली याचा आनंद वेगळाच असतो, तो मला कळतो, आणि ती ऑर्डर नको म्हणायला मोठी हिंमत लागते. पण ज्या शेडमध्ये ऑक्टोबरला बी संपायच्या आधी पैसे संपतात तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी मागे अशीच एखादी मोठी उधारीची ऑर्डर असते.

यावर कायदा आहे, २००६ चा एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा, आणि तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, असेल, तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल किंवा सेवा देत असाल, तर माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. आणि २०२३-२४ या वर्षापासून आयकरातही एक गोष्ट आली, मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी करता येतो. मार्च जवळ आला की मोठ्या व्यापाऱ्यांचे सीए यामुळे जागे होतात. फक्त हे नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला लागू नाही, त्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी पण ती कर्जाच्या कामाची, उधारी वसुलीच्या नाही.

आता खरं सांगायचं तर आपल्याकडे कोण कुणावर तक्रार करतो. उद्या त्यालाच माल द्यायचा असतो. म्हणून मी सांगते, तक्रार करू नका हवी तर, पण बिलावर उद्यम नंबर छापा आणि त्याच्याखाली पैसे द्यायची तारीख लिहा, नुसतं दिवस नाही, तारीख. १२ नोव्हेंबर. तारीख लिहिलेल्या बिलाला समोरचा माणूस वेगळ्या नजरेने बघतो, आणि फोन करायला आपल्यालाही तोंड राहतं. नाहीतर आपला स्वभाव असा की पैसे मागायचीच लाज वाटते. आणि समोरचा हसत म्हणतो, "पैशे खंय पळान जातत काय?" पळत नाहीत, पण आपला हप्ता त्यांच्यासाठी थांबत नाही ना.

उद्यम नोंदणी फुकट असते हे पण इथेच सांगते. सरकारी साइटवर आधार आणि पॅन घेऊन बसलं की होते. तिच्यासाठी कुणी दोन-तीन हजार मागत असेल तर उठून या.

बँकेबद्दल. आपल्याकडे माणूस बँकेत दोनदा जातो, कर्ज घ्यायला आणि नोटीस आल्यावर. मधल्या काळात तो बँकेच्या रस्त्याने जायचं टाळतो, समोरचा साहेब चहाच्या टपरीवर दिसला तर टपरी बदलतो. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण मधला काळ हाच कामाचा काळ असतो. हप्ता चुकला की ३० दिवसांपर्यंत खातं एका गटात असतं, मग ३१ ते ६०, मग ६१ ते ९०, आणि ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत खातं. एनपीए झाल्यावर मॅनेजरच्या हातात फार काही उरत नाही, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होतं, दुसरी बँक उभं करत नाही. पण त्याच्या आधी? रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये छोट्या उद्योगांसाठी एक पद्धत ठरवून दिलीय, अडचणीत आलेल्या खात्याचे हप्ते नव्याने बसवणं, मुदत वाढवणं, गरज असेल तर थोडं जादा खेळतं भांडवल देणं, हे बँक करू शकते. आणि महत्त्वाचं म्हणजे हप्ता चुकायची वाट न बघता, धंदा अडचणीत येतोय असं दिसलं की उद्योजक स्वतः अर्ज करू शकतो. दहा लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर शाखेच्या पातळीवरच बघितलं जातं, त्याच्यावर असेल तर कमिटीकडे जातं.

पण अर्ज म्हणजे रडगाणं नको. मी माणसाला घेऊन बसते आणि बारा महिन्यांचा एक कागद करते, कुठल्या महिन्यात किती येणार, किती जाणार. होमस्टेवाला असेल तर जून ते सप्टेंबर येणं जवळजवळ शून्य, ते शून्यच लिहायचं, उगाच चांगलं दिसावं म्हणून पाच हजार लिहायचे नाहीत. मग सांगायचं, साहेब, पावसात नुसतं व्याज भरतो, जानेवारी ते मे जास्त हप्ता भरतो. सगळ्याच ठिकाणी ऐकतात असं नाही. पण कर्ज मंजूर व्हायच्या आधी हे मागितलं तर ऐकलं जाण्याची शक्यता जास्त, सही झाल्यावर तेवढी नाही. पीक कर्जाची परतफेड हंगामाला धरून असते, मग हंगामावरच चालणाऱ्या खोल्यांची का नको, हा प्रश्न विचारायला काही हरकत नाही.

आणि एक, मशिनसाठी मुदत कर्ज आणि मालासाठी सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, हे एकमेकांत मिसळू नका. सीसीच्या पैशातून ड्रायर घेतला आणि मार्चला बी घ्यायला हात रिकामे, अशी खाती मी बघितलीत. केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेत आता २० लाखांपर्यंत मिळतं, पण वरचा टप्पा त्या योजनेतलं आधीचं 'तरुण' नावाच्या गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांनाच, आणि तारण लागत नाही. अन्न प्रक्रियेसाठी केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांचं अनुदान मिळत आलंय, ते कर्जाला जोडलेलं असतं. बचत गटातल्या बाईला छोटी अवजारं, खेळतं भांडवल यासाठी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल पण त्याच योजनेत होतं. अर्ज करायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन या वर्षी निधी आहे का ते विचारून घ्यायचं. पण अनुदान मिळतंय म्हणून मोठं मशीन घेऊ नका हो. मशीन बारा महिने हप्ता मागतं आणि कोकम दोन महिने येतं.

आता दराचं. बचत गटाच्या बायकांशी माझा या विषयावर नेहमी वाद होतो, आणि मी तो वाद सोडणार नाही. कुळथाचं पीठ करतात. कुळीथ विकत आणला त्याचे पैसे धरले, गिरणीचे धरले, पिशवीचे धरले. भाजायला घातलेली लाकडं? "ती घरचीच." पाखडण्यात घटलेलं वजन? "ता जाताच थोडा." सकाळी चारपासून चुलीसमोर बसलेल्या दोघींची मजुरी? याच्यावर तर हसतातच. आपली स्वतःची मजुरी कोण धरतं. मी म्हणते, उद्या तुम्ही आजारी पडलात आणि शेजारणीला बोलावलं तर तिला काय द्याल? तेवढे तुमच्या नावावर लिहा. हे लिहिलं की पाचशे ग्रॅमच्या पाकिटामागे पाच-सात रुपये सुटतात असं वाटणारा माल तोट्यात निघतो, आणि ज्या आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या, बाटलीकडे फार लक्ष नव्हतं तिच्यात खरा पैसा असतो. एका गटाने असं करून लाडू, चकल्या सगळं बंद केलं, कारण ते कुठेही मिळतं, आणि आगळ, आमसुलं, सोलं, फणसाचे तळलेले गरे एवढंच ठेवलं. विक्री कमी झाली. हातात राहणारा पैसा वाढला. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, वेंगुर्ल्याच्या काजूला आहे, हापूसला २०१८ मध्ये मिळाला, पण नुसतं पाकिटावर छापून भागत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, ते करून घ्या. मग दर सांगताना आवाज खाली जात नाही.

विम्याचं लिहायलाच पाहिजे. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं, आंबा झाडाखाली, पत्रे शेतात, वीज किती दिवस नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या होत्या, आणि पोफळ परत उत्पन्नाला यायला वर्षं लागतात. आणि २२ जुलै २०२१, चिपळूण. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली. माल गेला, वह्या गेल्या, कुणाची किती उधारी होती ते सांगणारा कागदच गेला. पुरानंतर दुकान कोण लवकर उघडतो? ज्याच्या हातात पैसा लवकर येतो तो. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची विमा पॉलिसी सगळ्या जनरल विमा कंपन्यांना द्यावी लागते, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला, आग, वादळ, पूर सगळं त्यात येतं. बँकेचं कर्ज असेल तर बरेचदा विमा बँकच काढते, पण त्यात काय काय धरलंय ते कुणी वाचत नाही. इमारत धरलेली असते, माल धरलेला नसतो. किंवा माल धरलाय पण दहा टनांच्या जागी तीन टनांचा. कमी रकमेचा विमा असेल तर भरपाई पण त्याच प्रमाणात कापतात, १५ टक्क्यांपर्यंतचा फरक या पॉलिसीत सोडून देतात, त्याच्यावर नाही. तेव्हा मे महिन्यात, गोदाम भरलेलं असताना, पॉलिसीचा कागद बाहेर काढून वाचा. आणि उधारीच्या वहीचे फोटो काढून मोबाइलमधून मेलवर टाकून ठेवा, दर आठवड्याला. याला एक पैसा लागत नाही.

शेवटी चाकरमान्यांना सांगायचंय, म्हणजे तुम्हालाच, कारण हे वाचणारे अर्धे लोक ठाणे-डोंबिवलीत बसलेले असणार. गावच्या धंद्याला मदत करायची तर वर्गणी नको आणि शाबासकी पण नको. गणपतीला आलात की बाटल्या, पाकिटं घेता, छान. पण गटाला बाटल्या, झाकणं, लेबलं, साखर जूनमध्ये घ्यायची असते, आणि तेव्हा हात कोरडे असतात. म्हणून ऑर्डर जूनमध्ये द्या. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गटाची यादी येईल, आगळ किती, आमसुलं किती, काजू कुठला, लिहून टाका आणि अर्धे पैसे त्याच दिवशी यूपीआयने पाठवा, उरलेले गणपतीत माल उचलताना, दुसऱ्या दिवशी नाही. गाववाले म्हणून दर पाडून मागू नका, डोंबिवलीच्या दुकानात तुम्ही छापील किंमत मुकाट देता. समजा एका वाडीतल्या ४० घरांनी दीड-दीड हजाराची ऑर्डर दिली तर ६० हजार झाले, त्यातले ३० हजार जूनमध्ये हातात. त्यात बाटल्या येतात, साखर येते, जून-जुलैचा हप्ता निघतो, आणि सावकाराकडून तीन टक्के महिन्याने घ्यायची वेळ येत नाही. आमच्याकडच्या दोन गटांनी यादी करायला घेतलीय, मेच्या शेवटी ती तुमच्या ग्रुपवर येईल, तेव्हा नुसता अंगठा दाखवून पुढे जाऊ नका, नावासमोर आकडा लिहा.